पंचकाका आणि लवणाचं पाणी

पंचकाका रेषेवर पाय देत नसत. रेषा कसलीही असो, कुणीही आखलेली असो. कर्वेनगरच्या चौकात झेब्रा क्रॉसिंग ओलांडताना ते पांढरे पट्टे टाळून फक्त काळ्या डांबरावर पावलं टाकत, त्यामुळे त्यांची चाल चिखलातल्या बगळ्यासारखी होई. सिग्नलला एखादा स्कूटरवाला रेषेच्या पुढे येऊन थांबला, की ते त्याच्यासमोर उभे राहून अगदी सौम्यपणे विचारत, "आपण खेळताय, की प्रेक्षक?" प्रश्न कुणालाच कळत नसे. तरी स्कूटर मागे सरकत असे.

ते खो-खोचे पंच होते. पोटासाठी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, पण खात्यातले शिपाईसुद्धा त्यांना पंचसाहेब म्हणत, आणि आमच्या सोसायटीत ते पंचकाका. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते माझ्या पहिल्या पगाराच्या चेकवर, आणि क्षणभर वाटलं की हा चेक दुसऱ्याच कुणीतरी दिला असावा.

निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी असायची. शर्टाच्या आत, जानव्याच्या जागी. त्यांच्या ऑफिसात ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "शिट्टी वाजवायला कुणालाही येते. न वाजवता खेळ चालू ठेवता आला पाहिजे."

मी त्यांच्याकडे कामाला लागले त्याला कारण अमेरिका. तिकडे काहीतरी कोसळलं आणि इकडे ज्या कंपनीने मला कॉलेजातूनच निवडलं होतं, तिने जॉइनिंग पुढे ढकललं. मग आणखी पुढे ढकललं. पेढे वाटून झाले होते. सोसायटीत जो भेटेल तो विचारायचा, "मग काय, कधी जॉइन होतेयस?" मी लिफ्टने जाणं सोडलं, जिन्यात माणसं कमी भेटतात. आईची आणि पंचकाकूंची भाजीच्या गाडीवरची ओळख. त्यातून असं ठरलं की काकांनी पार्किंगशेजारच्या खोलीत ऑफिस थाटून जे काहीतरी काम काढलंय, त्यात मुलीने कॉम्प्युटरचं बघावं. निदान घरात बसून भिंतीकडे बघणार नाही.

मुलाखत झाली ती अशी. काका म्हणाले, "नकाशा काढता येतो?"

"कॉम्प्युटरवर येतो."

"आणि बोलता?"

मी गप्प बसले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. इंग्रजीतही तसंच व्हायचं, तेव्हा दोष भाषेचा नसावा.

"छान," काका म्हणाले. "एका खोलीत बोलणारा एक पुरतो. उद्यापासून या, मॅडम."

ते मला शेवटपर्यंत मॅडम म्हणाले. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली, आणि होतीच. पण माझ्याशी बोलताना लोक जसे "अगं, जरा मोकळी हो ना" म्हणतात, तसं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्या खोलीत बसल्यावर माझे खांदे आपोआप खाली येत. ते आधी वर गेलेले असत हे मला तिथे कळलं.

काम काय होतं ते सांगायला हवं. वाघोलीच्या पलीकडे, नगर रस्ता सोडून आत गेलं की एका लहान नदीच्या काठी एक गाव आहे. गावाच्या अंगाला लवण आहे. लवण म्हणजे सखल, खोलगट जमीन. पूर्वी पावसाळ्यात नदी फुगली की पाणी काठ ओलांडून लवणात शिरायचं आणि होळीपर्यंत तिथे राहायचं. मासे तिथे वाढायचे, थंडीत बदकं उतरायची, भोवतालच्या विहिरींना त्याचाच पाझर. मग वर धरण झालं. नदी फुगायची थांबली. लवणाच्या तोंडावर मुरूम टाकून एक कच्चा रस्ता झाला, तो बांधासारखा आडवा पडला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लवणात बाभळी, भेगा आणि कुणाच्या तरी प्लॉटिंगचा गंजलेला बोर्ड, एवढंच होतं.

काकांचं म्हणणं साधं होतं. धरण भरलं की जादाचं पाणी तसंही सोडतातच. पण ते थोडं थोडं सोडतात, पात्राबाहेर थेंब जाणार नाही असं, कारण काठावर कुणाचा पंप असतो, कुणाची वांगी असतात, आणि तक्रार करायची सगळ्यांचीच तयारी असते. तेच पाणी एकदम मोठं सोडलं आणि मुरुमाचा भराव एका जागी फोडला, तर ते लवणात शिरेल. चार दिवस काठ ओले होतील आणि पाणी ओसरेल. लवणात उरेल ते उरेल. धरणावरचा इंजिनिअर काकांच्या हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "सर, तुमच्यासाठी करतो. पण काठावरच्या सगळ्यांचं हो पाहिजे. एक जरी तक्रार आली, तरी मी गेट उचलणार नाही. माझी नोकरी आहे." घाई दोन बाजूंनी होती. पाऊस सरत आला होता, जादाचं पाणी संपलं की संपलं. आणि उन्हाळ्यात त्या कच्च्या रस्त्यावर डांबर पडणार होतं. डांबरी रस्ता फोडू द्यायला मग कोण तयार होतंय?

मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला यातून काय मिळणार?" माझ्या मानाने ते मोठंच वाक्य होतं.

त्यांनी चष्मा पुसला. "उभं आयुष्य पाणी अडवण्यात गेलं. एकदा नीट सोडून बघायचंय."

कॉम्प्युटरबद्दल त्यांना आदर होता, पण संघात नव्या आलेल्या खेळाडूबद्दल असतो तसा. पळतो चांगला, पण दमतो कधी ते अजून माहीत नाही. पाणी कुठवर चढेल याची रेषा मी स्क्रीनवर काढली की ते खुर्ची ओढून बसत आणि बोटाने तिच्यावरून हळूहळू जात. "इथे का वळली?" "इथे उंचवटा आहे." "तुमच्याकडे आहे की तिकडे आहे?" मग दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे. उंचवटा असायचा, बहुतेक वेळा.

गावात नकाशा न्यायला मात्र त्यांची सक्त मनाई. "नकाशा पसरला की माणूस त्यात आपलं घर शोधत बसतो. ते सापडलं की बाकीचं ऐकत नाही." त्यांची पद्धत निराळी. मी काढलेली रेषा ते जमिनीवर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, आखत, तुपाच्या डब्याच्या बुडाला भोकं पाडून, मैदान आखतात तशी. मी पातळी बघायच्या दुर्बिणीला डोळा लावून उभी, ते लांब आकड्यांची पट्टी घेऊन. तिथून ओरडून सांगायची वेळ आली तेव्हा माझा आवाजच फुटेना. काका पट्टी ठेवून परत आले आणि म्हणाले, "ओरडायचं कशाला? हात वर म्हणजे वर सरका, हात खाली म्हणजे खाली, दोन्ही आडवे म्हणजे बरोबर. जगातले सगळे पंच असंच बोलतात." मी दिवसभर हातांनी बोलले. खूप गप्पा मारल्यासारखी मी त्याआधी कधी दमले नव्हते.

रेषा वांग्यांच्या वाफ्यांतून गेली, एका पंपाच्या खोपटाला वळसा घालून गेली आणि शेवंताबाईंच्या गोठ्याला अगदी चिकटून गेली. शेवंताबाई एकट्या राहायच्या, दोन म्हशी आणि तिसरी त्यांची जीभ. त्या दारात उभ्या राहून डब्यातून पडणारी फक्की बघत होत्या.

"सायेब, माजं घर खेळात हाय का भाईर?"

"बाहेर."

"आन् म्हशी?"

"त्याही बाहेर. प्रेक्षकांत."

"बगा हां. म्हशीला पान्याचा लई नाद. आत उतरली तर तुमी शिट्टी वाजीवली तरी येनार न्हाय."

काका मोठ्याने हसले. गावाचा विश्वास बसत चाललाय असं मला वाटलं. गावातलं मोठं माणूस म्हणजे बापू. लवणाला लागून सगळ्यात जास्त जमीन त्यांची. ते पारावर बसून आमच्याकडे बघत होते. काकांनी त्यांना पाणी, भराव, चार दिवस, सगळं नीट समजावून सांगितलं. बापूंनी मान डोलावली आणि एवढंच म्हणाले, "करा मोजनी. आमी कोन अडवनारे?"

'मोजनी' हा शब्द काकांच्या कानावरून गेला. माझ्याही.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो, तर लवण ओळखू येईना. रेषेच्या आत आंब्याची रोपं लावलेली, कोथिंबीर पेरावी इतकी दाट. पत्र्याच्या दोन शेड उभ्या. एका कोपऱ्यात बोअरवेलची गाडी धडधडत होती. आणि शेवंताबाई रस्त्यावरच वाट बघत उभ्या.

"सायेब, ह्ये काय बरं न्हाय केलं तुमी. समद्यांला आत घेतलं आन् मला भाईर ठिवलं. गरीब म्हनून?"

"अहो, बाहेर आहात म्हणून तुमचं घर कोरडं राहणार आहे."

"घर कोरडं ऱ्हाऊन काय करू? बापूंच्या रोपागनिक पैसे मिळनार, आन् माज्या गोठ्याला फुटकी कवडी न्हाय? रेघ जरा ह्या अंगानं ओढा की. हातभरच. कोन बगतंय?"

मग हळूहळू उलगडलं. त्या वर्षी तिथल्या हवेतच मोजणी होती. कुणी म्हणे रिंगरोड येतोय, कुणी म्हणे आयटी पार्क, कुणी म्हणे दोन्ही. शेजारच्या गावात अशीच पांढरी रेषा पडली होती आणि तिच्या आत ज्यांची झाडं, घरं, विहिरी होत्या, त्यांची जमीन सरकारने घेऊन भरपाई दिली होती. काका पाणी, पाणी म्हणत होते. गाव फक्की बघत होतं. एवढा निवृत्त साहेब, त्याच्याबरोबर दुर्बीण घेतलेली कॉलेजची मुलगी, आणि हे लोक म्हणतात नदीचं पाणी आणणार! असं खोटं सरकारी माणसाशिवाय कोण बोलेल?

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते आंब्याच्या रोपांमध्ये उकिडवे बसले, एक पान बोटात धरून बघत. नंतर म्हणाले, "चूक माझी. पांढरी रेषा दिसली की मला मैदान आठवतं. ह्यांना मोजणी आठवते. दोघंही अनुभवावरूनच बोलतो."

धरणावरून निरोप आला होता की जादाचं पाणी अजून थोडेच दिवस आहे. इकडे रेषेच्या आत शेड उभ्या, बोअरची गाडी उभी. यातलं काही पाण्याखाली गेलं तर तक्रार येणारच. आणि तक्रार आली तर गेट उचललं जाणार नाही, हे आम्हाला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं होतं. परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस म्हातारा दिसतो ते बसच्या खिडकीत, हे मला त्या दिवशी दिसलं. मलाही चिंता लागली होती, आणि ती नोकरीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही परत गेलो. काकांनी पारावर सगळ्यांना बोलावलं. माणसं आली, उत्साहाने आली. भरपाईचा आकडा सांगणार म्हणून. काका उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात कुणालाही एक पैसा मिळणार नाही."

बोअरवाल्यानेही इंजिन बंद केलं.

"रिंगरोड कुठे जाणार ते मला माहीत नाही. आयटी पार्क कुठे येणार ते ह्या मॅडमनाही माहीत नाही, आणि त्यांची नोकरी त्यातच आहे. मी फक्त पाणी आणतोय."

"सायेब, समदेच असं म्हनत्यात," बापू म्हणाले. "आदी म्हनायचं काय न्हाय, काय न्हाय. मग एक दिवस घरी नोटीस. तुमी पाटबंधाऱ्याचं. धरनाच्या टायमालाबी तुमच्यातलंच कुनीतरी आलं हुतं, गोड बोलत."

काकांनी चष्मा काढून पुसला. नसलेलं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. बापूंची नजर माझ्याकडे वळली. ती वळताना मला दिसली आणि पळून जावंसं वाटलं.

"ए पोरी, तू सांग. त्या मशिनीत रेघ तूच काडतीस न्हवं? जमीन जानार का ऱ्हानार?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. जुळलं नाहीच. मी म्हणाले, "जमीन जात नाही. पाणी येतं. आणि परत जातं." आणि हात आडवे केले, दुर्बिणीमागे उभी असताना करायची तसे. बरोबर.

बापू माझ्याकडे बघत राहिले. "हिला म्या दोन आटवडं बगतोय," ते लोकांना म्हणाले. "चा घेतीस का म्हटलं तरी मुंडी हलवती. ती येवड्या लांबनं येऊन खोटं बोलाया तोंड उगडंल व्हय?"

कुणीतरी हसलं. मग बापूंनी काकांना विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "म्हंजे जमीन आमचीच ऱ्हानार?"

"तुमचीच. फक्त चार दिवस नदीची."

बापूंनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पारावर जे टेकले ते बराच वेळ उठले नाहीत. तेव्हा आम्हाला कळलं की त्या माणसाने आंब्याची रोपं लावली ती आनंदाने नव्हे. जमीन जाणारच, तर निदान जाताना काहीतरी पदरात पडावं म्हणून. गेल्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. लवणाला लागून असलेली ती जमीन त्यांच्या वडिलांची, आणि ती कुणी मागू नये एवढीच त्यांची खरी मागणी होती. ती न मागताच मान्य झाली होती. "चार दिस?" ते म्हणाले. "आरं, आट दिस ठिवा की. माजा बा म्हनायचा, लवन भरलं की हिरीला मे म्हैन्यात पानी."

ज्या 'हो'साठी आम्ही दारोदार फिरणार होतो, ते त्या एका तासात पारावर गोळा झालं. रोपं उपटून बापूंनी वरच्या बांधावर लावली, शेड ज्यांच्या त्यांनी उचलल्या. फक्त शेवंताबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या की पैसे नाहीत तर नाहीत, पण आत घ्यायला काय हरकत होती.

परतताना बसमध्ये मला वाटत होतं, काका आता काहीतरी म्हणणार. "बघ, आलं ना बोलता?" असं. मी आधीच आकसून बसले होते. ते म्हणाले, "वाघोलीला उतरून रस प्यायचा का?" तेवढंच. त्या उसाच्या रसाची चव मला अजून आठवते. त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

नंतर मी त्यांना विचारलं होतं, की गावाचा गैरसमज त्यांनी मुद्दामच वाढू दिला का. आधी मोठी भीती, मग लहानसं मागणं. ते म्हणाले, "मॅडम, पंचाला एवढी अक्कल असती तर तो खेळाडू झाला नसता का?"

पाणी आलं ते सकाळी उन्हं वर आल्यावर. भराव आदल्या दिवशीच एका जागी फोडून तिथे मोठे सिमेंटचे पाइप घातले होते, वरून रस्ता पुन्हा चालू. सगळं गाव रेषेच्या बाहेर उभं होतं, सामना बघायला उभं राहावं तसं. आधी काहीच नाही. मग नदीचा रंग बदलला. पाइपांतून गढूळ पाणी आलं, भेगांमध्ये शिरलं आणि दिसेनासं झालं. भेगा पाणी पीत होत्या. त्याचा आवाज येत होता, चहात बिस्किट बुडवल्यावर येतो तसा बारीक. बराच वेळ पाणी पुढे सरकेचना, आणि मग भेगा भरल्या आणि ते पसरायला लागलं.

दुपारी ते वांग्यांपाशी फक्कीला लागलं आणि थांबलं. पंपाच्या खोपटापाशी रेषेच्या अलीकडेच थांबलं. शेवंताबाईंच्या गोठ्यापाशी मात्र थांबेना. फक्की विरघळली, पाणी पांढरं झालं आणि गोठ्याच्या दगडाकडे निघालं. तिथे मी काढलेली रेषा होती, आणि तिच्या मागे एका बाईचं अख्खं घर. शेवंताबाईंनी म्हशी सोडून त्यांची दावी हातात धरली होती. काका त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "गेट खाली घ्यायला सांगू?" त्यांनी विचारलं. बापूंचा पोरगा धरणावर निरोप न्यायला मोटारसायकल सुरू करून तयार उभा होता.

शेवंताबाईंनी पाण्याकडे बघितलं. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "कवाचं तहानल्यालं हाय. पिऊ द्या."

पाणी गोठ्याच्या दगडाला लागलं. त्याच्यावर एक वाळकं पान तरंगत होतं. ते दगडाला टेकलं आणि तिथेच हलत राहिलं, मागे-पुढे. आम्ही सगळे त्या पानाकडे बघत होतो. मग ते मागे गेलं आणि दगडावर ओली रेघ तेवढी राहिली.

काकांनी शर्टातून शिट्टी काढली आणि लांब फुंकली, डाव संपला की फुंकतात तशी. पोरं लवणाच्या काठाने पळत सुटली, एक म्हैस शेवंताबाईंच्या हातातून सुटून थेट पाण्यात जाऊन बसली, आणि मी खाली बसले. आनंद झाला होता की नाही, सांगता येत नाही. फक्त आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

त्या थंडीत लवणात बदकं उतरली. बापूंनी ती बघायला आम्हाला बोलावलं आणि ती आपणच आणल्यासारखी दाखवली. उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर पडलं, पण पाइप खाली तसेच राहिले. माझ्या कंपनीनेही शेवटी बोलावलं. काकांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "तिथे बोलावं लागेल का?" मी म्हटलं, थोडं. "मग थोडंच बोला," ते म्हणाले, आणि ऑफिसातली माझी खुर्ची माझ्यासमोरच घडी करून भिंतीला लावली. तेवढी एकच हळवी गोष्ट त्यांनी केलेली मला माहीत आहे.

त्यानंतर दर वर्षी, धरण भरलं की काका धरणावर फोन करत आणि पाणी मागत. हे मला पंचकाकूंकडून कळायचं. एका वर्षी काका गेले. गेले ते दुपारी, जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्रास काही झाला नाही. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यांच्या हातून सगळं वेळेवर झालं बघ. जाणंसुद्धा."

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला मी ऑफिसात होते, काचांच्या इमारतीत, वातानुकूलित थंडीत शाल घेऊन. मोबाईल वाजला. बापू होते. त्यांना माझा नंबर काकांनी कधीतरी देऊन ठेवला होता.

"मॅडम, धरन भरल्यालं हाय. औंदा लवनात पानी न्हाय अजून. सायेब तर गेलं. आमी फोन केला तर तितला मानूस म्हनतो, कोन तुमी? आता कुनी मागायचं?"

मी मीटिंग सोडून बाहेर पॅसेजमध्ये आले. अनोळखी माणसाला फोन करणं मला अजूनही जमत नाही. पिझ्झा मागवायचा तरी मी दुसऱ्याला सांगते. बापूंकडून घेतलेला धरणाचा नंबर लावला. धरणावर आता दुसरे इंजिनिअर होते, आवाजावरून माझ्याच वयाचे.

"कोण बोलतंय?"

काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "मी लवणाकडून बोलतेय. वाघोलीच्या पुढचं लवण. दर वर्षी या सुमाराला तिथे पाणी सोडतात. या वर्षी राहिलंय."

"हां, लवण!" ते म्हणाले. "अहो, माझ्या आधीच्या साहेबांनी इथून जाताना सांगितलं होतं, फोन येईल म्हणून. मी वाटच बघत होतो. माझ्याकडे तक्रार करायला सगळे येतात, पाणी सोडा म्हणायला कुणी येत नाही. न मागता एवढं पाणी कसं सोडणार? काठावर सगळ्यांचं हो आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग उद्या सकाळी सोडतो. पंप वर घ्यायला सांगा."

मी फोन ठेवला आणि लगेच दुसरा नंबर लावला. तिकडून "हालो, हालो" असा मोठ्याने आवाज आला, मागे कुठेतरी म्हैस हंबरत होती.

"बापू," मी म्हणाले, "पंप वर घ्या."